तिसऱ्या हर्डलचा आकडा

रेस संपल्यावर ती फिनिश लाइनच्या पुढे ट्रॅकच्या कडेला आडवी पडली होती, छाती वरखाली होत होती, एका स्पाइकची लेस सुटलेली, आणि मी रेलिंगवरून वाकून पाण्याची बाटली पुढे केली तर बाटली न घेताच म्हणाली, "आई, तिसरा बघितलास ना?" टाइम किती विचारलं नाही, कितवी आले विचारलं नाही. मी म्हटलं, "हो, बघितला ना. छान गेलीस." तिने डोळे मिटले आणि हसली. इतकं थकलेलं आणि इतकं मोकळं हसू मी चौदा महिन्यांत बघितलं नव्हतं, माझ्या पोटात एकदम काहीतरी भरून आलं, आणि त्याच क्षणी हातातलं स्टॉपवॉच घामाने निसटायला लागलं म्हणून मी ते घट्ट धरलं.

मी तिसरा हर्डल बघितला नव्हता.

हे स्टॉपवॉच माझ्याकडे कसं आलं ते सांगते. पोरगी कॉलेजला गेली आणि 400 मीटर हर्डल्सवर, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीवर ठरली तेव्हा एकदा सरांना स्टँडमधून आकडे घ्यायला माणूस हवं होतं आणि मी तिथे बसलेलीच होते. काम सोपं वाटतं पण नाहीये. हर्डल ओलांडून पुढचा पाय जमिनीला टेकला की बटण दाबायचं, त्याला टचडाउन म्हणतात. दहा हर्डल्स आणि शेवटची फिनिश, म्हणजे अकरा वेळा. पहिला हर्डल स्टार्टपासून 45 मीटरवर, मग दर 35 मीटरला एक, आणि दहाव्यानंतर 40 मीटर नुसतं पळायचं, जे बघवत नाही कारण तोपर्यंत पायात काही उरलेलं नसतं. या आकड्यांवरून सरांना कळतं की ती कुठे दमली, कुठे पावलं चुकली, कुठे घाबरली. मला सुरुवातीला जमायचं नाही, पाय टेकायच्या आधीच बटण दाबलं जायचं, पण हळूहळू इतकं बसलं की घरी स्वयंपाकघरात तिच्या पावलांचा आवाज आला तरी अंगठा हलायचा. हर्डल्सच्या मधे तिची सतरा पावलं पडतात. मी ती मनात मोजते, अजूनही.

आणि तिसरा म्हणजे 115 मीटर. पहिलं वळण संपून पलीकडची सरळ लेन सुरू होते, साधारण तिथेच. स्टँडच्या बरोबर समोर, पण सगळ्यात लांब.

चौदा महिन्यांपूर्वी ती तिथेच पडली. हर्डलला तिचा पाय लागलाही नव्हता. लोकांना सांगितलं की हर्डलवर पडली तर सगळ्यांना वाटतं अडखळून पडली असेल, पण तसं नाही, ती अगदी स्वच्छ वरून गेली, डावा पाय खाली टेकला, गुडघा किंचित आत वळला आणि ती बसली. पडली म्हणण्यापेक्षा बसलीच. नंतर कळलं की एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक लिगामेंट, फाटण्याच्या दहातल्या सातेक केसेस अशाच असतात, कोणाचा धक्का नाही, काही नाही, नुसतं उतरताना किंवा वळताना. आणि सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलामुलींमध्ये मुलींचा हा लिगामेंट कितीतरी जास्त वेळा जातो. मला त्या दिवसातलं काय आठवतं तर बाकीच्या मुली चौथ्या, पाचव्या हर्डलवरून पुढे निघून गेल्या, ट्रॅकच्या त्या टोकाला ती एकटी गुडघा धरून बसलेली, आणि तिच्या मागे तो तिसरा हर्डल जसाच्या तसा उभा. हललासुद्धा नव्हता. घड्याळ मी बंदच केलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये पर्समध्ये हात घातला तर ते अजून चालू होतं, चार तास आणि काही मिनिटं.

ऑपरेशनचं सांगत बसत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूतला, हॅमस्ट्रिंगमधला, टेंडन काढून गुडघ्यात बसवला, ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना सगळं माहितीये. पण नंतरचे दिवस मात्र माझ्या अंगात बसलेत. पलंगावर पाय सरळ ठेवून टाच हळूहळू मागे ओढायची, गुडघा वाकवायचा, आज इतका उद्या त्याहून थोडा जास्त, आणि ती दात आवळून छताकडे बघत असायची आणि मी टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवायचे म्हणजे घसरायला सोपं जाईल. आणि ती शिवणाच्या डब्यातली टेप. फिजिओंनी सांगितलेलं की दर रविवारी गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर मांडी मोजा. दोन्ही. पहिल्या रविवारी डावी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर बारीक निघाली. हिच्या मांड्या म्हणजे दगड होत्या हो, लहानपणी मांडीवर डोकं ठेवून झोपले तर म्हणायची आई टोचतं का, आणि आता हात लावला तर कातडीखाली काही नव्हतंच, मऊ, म्हाताऱ्या माणसाच्या पायासारखं. मी टेप थोडी सैल धरली. तिने लगेच ओळखलं, म्हणाली, "आई, नीट धर. खोटा आकडा नको मला."

हे वाक्य मला परवा रात्री आठवलं. पण त्यावर येते.

आधी एक गोष्ट लिहून टाकायची आहे जी मी कुणाला सांगितली नाहीये, तिच्या बाबांनासुद्धा नाही. त्या सगळ्या महिन्यांत मला मनातून वाटत होतं की हिने परत पळू नये. तोंडाने मी म्हणत होते होईल गं, सगळं होईल, आणि आत वाटत होतं की बास आता, चालायला लागू दे, जिने चढायला लागू दे, अभ्यास आहे, मैत्रिणी आहेत, पळालंच पाहिजे असं कुठे आहे. डॉक्टर म्हणाले की घाई करू नका तर मला इतकं बरं वाटलं. नॉर्वेतल्या 2016 च्या एका अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं, की ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवाल तितका, दर महिन्यामागे, गुडघ्याला पुन्हा दुखापत व्हायचा धोका साधारण निम्म्याने कमी होतो. ती हे ऐकून नऊवर गोल करून कॅलेंडर लावायला लागली. मी ऐकलं फक्त "पुन्हा दुखापत". एकाच टेबलापलीकडून एकाच माणसाचं बोलणं दोघींनी ऐकलेलं.

आणि ग्राफ्टचं, म्हणजे त्या बसवलेल्या टेंडनचं, असं असतं की सुरुवातीला तो नुसता बसवलेला दोरा असतो, शरीर त्याला आपलंसं करताना मधे काही आठवडे तो उलट आणखी कमजोर होतो, आणि नेमकं तेव्हाच पेशंटला वाटायला लागतं की मी बरा झालो, दुखत नाही, सूज नाही. हे ऐकल्यापासून ती जितकी हसायची, जितकी पटपट जिना उतरायची तितकी माझी झोप जायची. मला तिचं दुखणं चालत होतं, तिचं बरं वाटणं सोसत नव्हतं. असं लिहिताना लाज वाटतेय पण खरं आहे.

मग तिला कुठूनतरी बेटी रॉबिन्सन सापडली. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची 100 मीटर पहिल्यांदा झाली, ती जिंकणारी ही सोळा वर्षांची अमेरिकन मुलगी. 1931 मध्ये तिचं विमान कोसळलं, पायाची वाट लागली, आणि नंतर चालायला लागली तरी गुडघा पूर्ण वाकेना म्हणून स्टार्टला खाली बसताच येईना. मग ती रिलेकडे वळली कारण रिलेत पहिली सोडली तर बाकीच्यांना उभ्यानेच पळायचं असतं. 1936, बर्लिन, 4 बाय 100, जर्मनीच्या मुलींची बॅटन पडली आणि अमेरिकेला गोल्ड. माझी लेक ही गोष्ट मला रोज सांगायची. टाच ओढताना सांगायची, पायाला वजन बांधून उचलताना सांगायची. मला दरवेळी वाटायचं की त्या मुलीची आई कुठे होती, तिला कोणी विचारलं का, की बाई आता ही परत पळणार म्हणतेय, चालेल ना तुला?

नऊ महिने झाल्यावर टेस्ट झाल्या. एका पायावर उड्या, दोन्ही पायांची ताकद मशीनवर. डाव्याची ताकद उजव्याच्या निदान 90 टक्के हवी असते, तिची 93 आली. फिजिओंच्या खोलीतून बाहेर आली ती दारातच उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले, एखादी रेस जिंकल्यासारखे, आणि बाहेर बाकावर बसलेली दोन अनोळखी माणसं टाळ्या वाजवायला लागली, त्यातल्या एकाच्या हातात कुबड्या होत्या. तेव्हा मी रडले. आनंदाने रडले हे अगदी खरं. दुसरंही काही होतं त्यात.

पण परत हर्डल्सवर यायला आणखी वेळ गेला. आधी नुसतं जॉगिंग, मग सरळ पळणं, मग वळणावर, मग एक हर्डल अगदी खालच्या उंचीवर. मी सकाळी जायचे तिच्याबरोबर, हर्डल्स लावायला कोणीतरी लागतंच. बायकांच्या 400 ची उंची 76.2 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या डायनिंग टेबलाएवढी, एवढीच. इतकी वर्षं मी ते लांबून बघत होते, हाताने उचलले तेव्हा कळलं की खाली पायांमध्ये सरकणारी वजनं असतात, अशी लावलेली की वरच्या पट्टीला साधारण 3.6 ते 4 किलोचा जोर लागला की हर्डल पडतो. म्हणजे तो पडण्यासाठीच केलेला असतो, पळणारीला लागू नये म्हणून. मी पहाटे ते हर्डल्स लावताना प्रत्येकाला हाताने ढकलून बघायचे, पडतोय ना. ती तिकडे वॉर्मअप करत असायची, मी एकेक पाडायचे आणि उभा करायचे. सर एकदा बघत होते, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेही एक ढकलून बघताना दिसले.

मग पायाचा वाद. ती कायम डाव्या पायाने हर्डल घेते, म्हणजे डावा पुढे, आणि त्याच्यावरच उतरायचं. तोच गुडघा. मी सरांना म्हटलं, "सर, उजव्याने घेऊ द्या ना तिला आता." सर म्हणाले, विचार केलाय मी पण. वळणावर डावा पाय पुढे असला की लेनच्या आतल्या कडेला चिकटून पळता येतं. उजवा पुढे टाकला तर मागून येणारा डावा पाय हर्डलच्या आतल्या बाजूने बाहेर लोंबू शकतो आणि मग सरळ बाद, म्हणून लेनच्या मधून पळावं लागतं, जरा लांबून. तोटा आहे पण करता येईल, काही मुली दोन्ही पायांनी घेतात. त्यांनी तिला विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "डावाच." मग जरा थांबून, "मी उजव्याने घ्यायला लागले ना, तर मग डावा कायम मोडलेलाच राहील." सरांनी मान हलवली. मला तिचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, दोन्ही एकदम, की मी तिथून उठून हर्डल्स गोळा करायला गेले, अजून प्रॅक्टिस संपलेली नसताना.

रेसच्या दिवशी वारा होता. ती चौथ्या लेनमध्ये. मी माझ्या नेहमीच्या जागी, तिचे बाबा बाजूला फोन धरून. सगळं पूर्वीसारखं, ब्लॉक्स लावताना तिचं ते दोनदा उडी मारणं, डाव्या हाताने केस मागे घेणं. गन झाली, बटण दाबलं. पहिला हर्डल, 7.4. पाय टेकला तो मी इतक्या लांबून ऐकला असं मला वाटलं. दुसरा, तिथून पुढे 5.1. चांगला आकडा, जवळजवळ पूर्वीइतका. मग मोजायला लागले, एक, दोन, तीन, वळण संपत आलं, नऊ, दहा, अकरा, आणि समोर तो हर्डल. बारा. तेरा. आणि मी डोळे मिटून घेतले. ठरवून नाही. असं काही ठरवत नाही कोणी. डोळे मिटून मी फक्त ऐकत होते, लोकांच्या आवाजात काही फरक पडतोय का, कोणी "अरे" म्हणतंय का. तिच्या बाबांचा श्वास ऐकू आला. मग तो सुटला. डोळे उघडले तर ती चौथ्या हर्डलच्या जवळ होती, उभी, पळत, आणि अंगठा आपोआप बसला.

पुढचे सगळे नीट घेतले. सहावी आली, 66.4. फाटण्याआधीचा तिचा बेस्ट 62.8 होता. पॅरिसला 2024 मध्ये सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्हरोनीने हेच अंतर 50.37 मध्ये पळून वर्ल्ड रेकॉर्ड केला, त्यापुढे हे आकडे काय, पण मला सांगायचंय की दहाव्या हर्डलनंतर त्या शेवटच्या 40 मीटरमध्ये तिचा चेहरा दिसला तेव्हा माझ्या आजूबाजूला कोण होतं, काय ओरडत होतं, काही कळलं नाही मला. ते माझं पोर होतं आणि ते पळत होतं. टेपने मोजलेला तो पाय उचलला जात होता, टेकत होता, परत उचलला जात होता.

आणि मग तो प्रश्न.

रात्री ती डायरी घेऊन बसली. प्रत्येक रेसचा एक आडवा रकाना, अकरा घरं. मी घड्याळातून वाचायचं, तिने लिहायचं, हे आमचं किती वर्षांचं. "7.4." लिहिलं. "5.1." लिहिलं. "10.9." पेन थांबलं. "10.9 कसे होतील? हे दोन मिळून आहेत." मी म्हटलं अगं बटण नीट बसलं नसेल, घाम होता हाताला. दुसरं खोटं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मला नेमका तोच हवा होता गं. तिथे मी हळू झाले ते मला कळलं. पण हर्डलच्या आधी की नंतर ते नाही कळलं." मी विचारलं काय फरक पडतो. तर म्हणाली, खूप. आधी हळू झाले असेन तर मी पावलं चोरली, म्हणजे घाबरले, त्याच्यावर सर काम करतील. नंतर हळू झाले असेन तर पाय टेकल्यावर त्याने साथ दिली नाही, म्हणजे परत फिजिओ, परत जिम. बाबांच्या व्हिडिओत बघितलं तर नेमकं तिथे मैदानातले पंच आडवे आलेत, ती त्यांच्या मागे जाते आणि पलीकडून बाहेर येते.

रात्रभर तो आकडा डोक्यात. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं याच रेसचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं, 55.42 आणि 55.41. आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. 2023 च्या एशियन गेम्समध्ये विद्या रामराजने बरोबर तेच 55.42 केलं तेव्हा लेक घरभर नाचली होती, एकोणचाळीस वर्षं, आई, एकोणचाळीस वर्षं तो आकडा उभा होता. शंभरावा भाग जपणारा खेळ हा. आणि मी पाच सेकंद हरवले होते, तिने चौदा महिने ज्याच्यासाठी काढले नेमके तेच. नीट धर, खोटा आकडा नको मला, असं ती बारीक झालेला पाय पसरून म्हणाली होती आणि मी दोनदा खोटं बोलून बसले. एकदा वाटलं उठावं, तिला उठवावं आणि सांगावं. मग वाटलं झोपू दे, उद्या अंग दुखणारे तिचं.

सकाळी ती कॉलेजला गेल्यावर टेबल आवरताना डायरी उघडीच होती. मी तिची डायरी वाचत नाही पण ते पान आमचंच होतं. 7.4, 5.1, आणि चौथ्याच्या घरात 10.9, त्याच्या भोवती गोल. तिसऱ्याचं घर रिकामं नव्हतं. 10.9 चे दोन सारखे भाग करून तिथे टाकता आले असते, सर तसं करतात कधीकधी. तिने तसं केलं नव्हतं. त्या घरात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "आई".

मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. टेबल अर्धंच पुसलेलं.

संध्याकाळी आली तेव्हा ती काही बोलली नाही, मीही नाही. फक्त म्हटलं, उद्या प्रॅक्टिसला पहिले चार हर्डल्स लावूया का, रेससारखे? ती म्हणाली चालेल. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चारही लावले आणि स्टँडमध्ये गेले नाही. पलीकडे गेले, तिसऱ्याच्या बाजूला, दोन हातांवर. जवळून तो हर्डल किती साधा दिसतो, पट्टीवरचा रंग उडालेला, पायाला मागच्या पावसाची माती. सरांनी तिकडून हात वर केला आणि खाली आणला. पहिला. दुसरा. ती वळणातून माझ्याकडे येताना आधी स्पाइक्सचा आवाज आला, कर्रकर्र, मग श्वास, मग ती. मी मोजत होते आणि बघत होते. तेरा, चौदा, पंधरा, आणि सोळावं पाऊल आखूड पडलं, सतरावं त्याहून आखूड, अगदी पुसटसं, स्टँडमधून कधी दिसलं नसतं, पण खांदे किंचित वर आले आणि मग ती गेली वरून, डावा पाय खाली आला, टेकला, गुडघा सरळ, स्थिर, आणि तिथून ती सुटलीच. 5.6. चौथ्याला 5.2.

ती थांबून कमरेवर हात ठेवून वळली. तीस-पस्तीस मीटरवरून ओरडली, "आधी की नंतर?"

"आधी," मी ओरडले. "आधी गं. पाय छान टेकला. मी बघितला."